तीर्थनच्या वेगवान पाण्यावरची कोरडी माशी

हिमाचल प्रदेशात मंडीहून कुलूकडे जाताना औटच्या बोगद्याआधी लारजीचा फाटा लागतो. तिथून बंजारमार्गे गुशैणीपर्यंत बहुतेक वाट तीर्थन नदीच्या सोबतीने जाते. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरून पाणी नितळ झालेले असते आणि नोव्हेंबरपासूनची मासेमारीबंदी अजून लागलेली नसते, म्हणून नकली माशीने ट्राउट मासा धरण्यासाठी मी मुद्दाम ऑक्टोबर निवडला होता. मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय या पाण्यात गळ टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

ट्राउट हा मासा मूळचा इथला नाही. ब्रिटिश अमदानीत तो आधी काश्मीरमध्ये आणला गेला आणि 1909 च्या सुमारास कुलू खोऱ्यातील महिली येथे त्याचे उबवणी केंद्र सुरू झाले. तीर्थनमध्ये तो टिकला याचे मोठे श्रेय या नदीच्या मोकळ्या प्रवाहाला आहे. तिच्यावर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी चिकाटीने लढा दिला. नदीकाठी उभे राहून हातात मासेमारीची काठी घेणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे नाव लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

नदीतील दगड उलटून पाहिले, तर त्यांच्या खालच्या अंगाला वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेली बारीक घरटी दिसतात. ती कॅडिस माशीच्या अळ्यांची असतात. त्यामुळे मुक्कामी संध्याकाळी गळावर पिसे-केस बांधून कोणत्या किड्याची नकली माशी करायची याबद्दल शंका उरली नव्हती. पेनसिल्व्हेनियातील अल ट्रोथ यांनी 1957 मध्ये रचलेली ‘एल्क हेअर कॅडिस’ अशाच खळाळत्या पाण्यासाठी आहे. इंग्लंडमधील हॅम्पशायरच्या संथ, खडूमिश्रित जमिनीतील नद्यांवर घडलेल्या नाजूक कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माश्या तीर्थनच्या उसळीत लगेच बुडतात. इथे रंगछटेपेक्षा तरंगणे महत्त्वाचे.

चौदा नंबरचा गळ पकडीत बसवून मी दांड्यावर धाग्याचा पाया घातला आणि वाकाजवळ बारीक सोनेरी तार बांधून ती मोकळी सोडली. सशाची लव धाग्यावर पिळून नेढ्याकडे थोडे जाड होत जाणारे अंग केले. मग कोंबड्याच्या मानेचे तपकिरी पीस पुढच्या टोकाला बांधून ते मोकळ्या वेढ्यांनी मागे नेले, आणि तार उलट दिशेने फिरवत पुढे आणून त्या पिसाला आवळले. ही तार शोभेसाठी नाही: ट्राउटच्या दातांनी पिसाचा देठ एका जागी तुटला, तरी तारेमुळे बाकीचे वेढे सुटत नाहीत. शेवटी पंख. एल्क या मोठ्या हरणाच्या केसांची, आगकाडीएवढ्या जाडीची जुडी घेऊन मुळाशी असलेली मऊ लव विंचरून काढायची, टोके एका रेषेत आणायची आणि जुडी नेढ्यामागे घट्ट आवळायची. हे केस आतून हवेच्या सूक्ष्म कप्प्यांनी भरलेले असल्यामुळे धागा ताणताच ते फुलतात आणि माशीला पाण्यावर धरून ठेवतात. जुडी जाड घेण्याचा मोह टाळावा, कारण पंख जड झाला की माशी कलंडते.

सकाळी आम्ही गुशैणीच्या वरच्या अंगाला गेलो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूने जायचे. मोठ्या धोंड्यांमागच्या खळग्यांत पाणी क्षणभर विसावते आणि मासा तिथेच असतो. पण मधल्या वेगवान धारेत दोर पडला, तर माशी फरफटत जाते आणि मासा तिच्याकडे पाहतही नाही. त्यामुळे लांब फेक इथे निरुपयोगी ठरते. जवळ जाऊन, काठी उंच धरून, जवळजवळ सगळा दोर पाण्याबाहेर ठेवला, तर माशी दोन-तीन सेकंद मोकळी वाहते, आणि तेवढे पुरते. सोबतचा गावातला वाटाड्या बोटाने खळगा दाखवी आणि मी गुडघ्यावर बसून फेक करी. अंडी घालायला आलेली कॅडिस पाण्यावर फडफडत जाते, म्हणून वाहणे संपता संपता काठीच्या टोकाला हलका झटका दिलेला चालतो. अशाच एका झटक्याला धोंड्याच्या कडेने तपकिरी ट्राउट वर आला आणि माशी घेऊन खाली वळला.

हात ओले करूनच त्याला धरले. फिकट कड्यांतले लाल ठिपके उन्हात स्पष्ट दिसत होते. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला असल्याने मासा सहज सुटला. कडेच्या संथ पाण्यात त्याचे तोंड प्रवाहाकडे धरले आणि त्याने स्वतःहून उसळी घेतल्यावरच हात काढला. माशी चिकट झाली होती. ती धुऊन कापडात दाबली, तेव्हा केस पुन्हा फुलले. पिसाचा देठ एका जागी तुटला होता, पण तारेने बाकीचे वेढे धरून ठेवले होते, आणि त्याच माशीवर आम्ही वरचे खळगे धुंडाळले.