आईचा चष्मा, सहावा आठवडा: पॅड अखेर सपाट टेकलं

आईची फ्रेम धातूची. काडीच्या आतल्या बाजूला ५४-१८-१४० असे आकडे आहेत, म्हणजे भिंगाची रुंदी ५४ मिमी, दोन भिंगांमधला ब्रिज १८ आणि काडी १४०. तिच्या तक्रारी दोन. दुपारपर्यंत नाकावर लाल वळ उठतात, आणि भाजी निवडायला मान खाली घातली की चष्मा घसरतो. दुकानातून दोनदा घट्ट करून आणला. वळ वाढले, घसरणं तसंच राहिलं.

नाकावर टेकणारं पॅड नक्की कुठे टेकतंय हे नुसतं बघून मला कधीच धड कळलं नव्हतं. या वेळी काजळ वापरलं. दोन्ही पॅडांवर बोटाने पातळ हात फिरवला, आईला नेहमीसारखा चष्मा घालायला लावला, दोन मिनिटांनी सरळ पुढे ओढून काढला. नाकाच्या डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, उजवीकडे नखाच्या कडेसारखी बारीक रेघ! १५ मिमीच्या पॅडची फक्त खालची कड टेकत होती, बाकीचं अधांतरी. सगळा भार त्या रेघेवर, मग वळ उठणारच.

नाक वर अरुंद आणि खाली रुंद असतं, शिवाय शेंड्याकडून गालाकडे पसरत जातं. पॅडला हे दोन्ही उतार धरावे लागतात. आईच्या फ्रेममध्ये पॅडांच्या खालच्या कडा एकमेकींच्या फार जवळ होत्या. दुकानात ‘घट्ट’ करताना त्या आणखी जवळ आल्या असणार.

माझं हत्यार म्हणजे पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेली बारीक चोचीची पक्कड. तिच्या दोन्ही चोचींवर तपकीर गल्लीत मिळणारी, गरम केल्यावर आवळणारी वायरची नळी चढवली आहे, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. पॅडची तार वाकवताना तिच्या वळणात वाकवा, फ्रेमला जोडलेल्या सांध्याशी जोर देऊ नका. जुन्या बाजारात रविवारी घेतलेल्या भंगार फ्रेमांवर हात बसवत होते तेव्हा दोन फ्रेमांचं सोल्डर असंच उखडलं. जीव हळहळला, पण ते आईच्या फ्रेमवर झालं नाही हे बरं. केसभर वाकवायचं, पुन्हा काजळ लावायचं, पुन्हा बघायचं. चौथ्या फेरीला दोन्हीकडे अख्खा लंबगोल ठसा उमटला. तो बघून मला फार आनंद झाला.

तरी चष्मा घसरतच होता.

घसरण्याचं मूळ नाकात नव्हतंच, कानामागे होतं. काडीचा बाक कानाच्या माथ्यावरून उतरताच सुरू व्हायला हवा, आईच्या काडीचा जवळपास ८ मिमी मागे होता. तेवढी मोकळी जागा पुढे सरकायला पुरते. पेन्सिलने खूण केली, काडीचं टोक हेअर ड्रायरने गरम केलं, सरळ केलं आणि खुणेवर नव्याने वाकवलं. टोकावरचं प्लास्टिक अॅसिटेटचं आहे. ते साधारण ६०-७० अंशांना मऊ होतं, फार तापलं तर आत बुडबुडे धरतं. भिंगांना ती झळ लागू देऊ नका. माझ्याच चष्म्याच्या कोटिंगला उष्णतेने कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेत, ते परत जात नाहीत.

आईचा उजवा कान जरा वर आहे, त्यामुळे उजवं भिंग वर दिसायचं. इथला नियम उलटा वाटतो: ज्या बाजूचं भिंग वर, त्याच बाजूची काडी वर वाकवायची. तसं केलं आणि समोरून फ्रेम सरळ झाली. पण काडी वर गेली की त्या बाजूचं भिंग खालून गालापासून दूर जातं, आणि भिंगाबरोबर पॅडही कलतं. उजवं पॅड परत एका कडेवर! बुधवारची मेहनत शनिवारी पुसली गेली. आता क्रम ठरला: फ्रेम टेबलावर ठेवून पीळ बघायचा, मग काड्या, आणि नाक सगळ्यात शेवटी. पॅडला आधी हात लावू नका, अगदी वळ तिथेच दिसत असले तरी.

यानंतर आजोबांची शेलची, म्हणजे प्लास्टिकची, फ्रेम घ्यायची आहे. तिला पॅड नाहीत आणि भिंगं खऱ्या काचेची. त्याच आकाराच्या साध्या प्लास्टिकच्या भिंगापेक्षा काच जवळजवळ दुप्पट जड. बहुतेक सिलिकॉनची चिकटवायची पॅडं लावून बघेन.

आज सकाळी आई गवार मोडत बसली होती. मी समोरच बसून बघत होते. अर्धा किलो गवार संपेपर्यंत तिचं बोट एकदाही नाकाकडे गेलं नाही. “काय गं, अशी काय बघतेस?” म्हणाली. संध्याकाळी उजव्या बाजूला फिकट वळ दिसला, डावीकडे काहीच नाही. उजवं पॅड अजून पाव मिलिमीटर बाहेर घ्यावं लागेल.