त्स्कालतुबो: झरा वाहतोच आहे

जॉर्जियात कुताईसी शहरात मुक्काम असेल तर त्स्कालतुबो या कोमट झऱ्यांच्या गावासाठी अख्खा दिवस राखून ठेवा. बरेच जण जवळची प्रोमेथियस गुहा बघून परतताना इथे तासभर थांबतात, पडक्या इमारतींचे फोटो काढतात आणि निघतात. मला ते पटत नाही. त्या इमारती आधी उभ्या का राहिल्या, हे झऱ्यापाशी गेल्याशिवाय कळत नाही.

म्हणून सुरुवात बागेतून करा. गावाच्या मधोमध ही मोठी बाग, तिच्यात क्रमांक दिलेली स्नानगृहं आणि भोवताली कडं करून उभी असलेली सॅनिटोरियमं, म्हणजे राहून उपचार घ्यायची आरोग्यधामं. पाणी जमिनीतून ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला वर येतं, म्हणजे अंगाला सोसेल असं कोमट. तापवायला नको, निववायला नको. त्यात थोडा रेडॉन विरघळलेला असतो. हा किरणोत्सारी वायू चार दिवसांच्या आत निम्मा होतो आणि पाणी उघडं ठेवलं तर त्याआधीच उडून जातो. त्यामुळे हे पाणी दूर नेऊन उपयोग नव्हता. माणसालाच इथे यावं लागे. एवढ्या खोल्या बांधायची गरज पडली ती त्यामुळेच.

१९३१ मध्ये सोव्हिएत सरकारने याला अधिकृत आरोग्यस्थळाचा दर्जा दिला. सांधे, मज्जासंस्था, रक्ताभिसरण, त्वचा यांच्या तक्रारी घेऊन सोव्हिएत संघभरातून लोक येऊ लागले. बहुतेकांना कामगार संघटनेमार्फत ‘पुत्योव्का’ मिळे. राहणं, जेवण, डॉक्टर, स्नानं, सगळं त्या एका चिठ्ठीवर. भरभराटीच्या काळात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास माणसं येत. स्टालिनही आला होता. क्रमांक ६ च्या स्नानगृहाच्या दर्शनी भागावर त्याचं उठावशिल्प अजून आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. पाण्यात काहीच बदललं नव्हतं, पण पाहुण्यांचा खर्च उचलणारं कुणी उरलं नाही. पाठोपाठ जॉर्जियापासून फुटू पाहणाऱ्या अबखाझिया प्रांतात १९९२-९३ चं युद्ध झालं. तिथून परागंदा झालेल्या हजारो जॉर्जियन लोकांना याच रिकाम्या सॅनिटोरियमांत आसरा मिळाला. थोड्या काळासाठी म्हणून आलेल्या कुटुंबांची पुढची पिढी याच खोल्यांत वाढली. अलीकडे बऱ्याच जणांना नवी घरं मिळाली आहेत, सगळ्यांना नाही.

माझी कळकळीची विनंती याबद्दलच आहे. ‘मेदेआ’ सॅनिटोरियमचे उंच खांब किंवा ‘इवेरिया’ सॅनिटोरियमची गोल प्रांगणं बघायला जाल तेव्हा आधी खिडक्यांकडे बघा. कपडे वाळत असतील, कुंड्या असतील, तर ते कुणाचं तरी घर आहे. कॅमेरा खाली ठेवा, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. काही इमारती विकल्या गेल्या आहेत आणि तिथे राखणदार असतात. नाही म्हणाले तर हुज्जत न घालता पुढचं ठिकाण गाठा.

रिकाम्या इमारतींत जमिनीला भोकं आहेत, जिन्यांचे कठडे आणि लिफ्टची दारं गायब आहेत. जाड तळाचे बूट आणि टॉर्च हवाच. एकट्याने वरचे मजले चढू नका, पाऊस पडून गेल्यावर तर मुळीच नाही.

कुताईसीहून मार्श्रुत्का, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणारी व्हॅन, साधारण अर्ध्या तासात पोचवते. सुटे लारी, म्हणजे जॉर्जियाचे सुटे पैसे, जवळ ठेवा. गुहाही बघायची असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी ती बंद असते.

क्रमांक ६ मध्ये आजही स्नान घेता येतं. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि रबरी चपला बरोबर न्या. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा. बागेत पोचल्या पोचल्या स्नानाची वेळ ठरवून घ्या आणि ती दुपारनंतरची मागा. इमारतींतली धूळ अंगावर घेऊन झाली की मग पाण्यात उतरता येतं.