मुखपृष्ठावर एवढी जागा खाली काहून?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर अंकाला विचारता म्हणून. "भाऊ, खंजिरी भजनाचा अंक, मंडळात बावीस जण, अन् पानावर एकच हात? बाकी जागा खाली काहून?"

ए-फोर पानावर बावीस चेहरे बसतात, नाही असं नाही. पण दहा फुटांवरून भगव्या टोप्यांची रांग तेवढी दिसते. खंजिरीवर पडणारा हात मात्र मंडपाच्या दारातूनही कळतो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक एकावर एक सरकवलेले असतात, वरची चार बोटं पट्टी उघडी राहते, म्हणून अंकाचं नाव तिथे. ते रुंद दिसावं म्हणून अक्षरं फाकवायची नाहीत, शिरोरेषा तुटते. रफार-वेलांटीला काठापासून ५ मिमी तरी जागा हवी, नाहीतर कटिंगला वेलांटीच जाते. आणि फोटो आरशासारखा उलटवायचा नाही. पेटीवाला डाव्या हातानं वाजवताना दिसला, की वाजवणारे पहिले हसतात.

'रोलिंग स्टोन'च्या २२ जानेवारी १९८१ च्या मुखपृष्ठावर जॉन लेनन आणि योको ओनो यांचा फोटो आहे, वर अंकाचं नाव आहे, मथळा एकही नाही. हा दाखला मी बरेचदा देत आलो. पण लेननला जग ओळखत होतं, आपल्या खंजिरीवाल्याला तिवशाच्या पुढे कोण ओळखतं? म्हणजे दाखला अर्धाच लागू.

आता तो काळा अंक, कारण तुमचा खरा राग तिथला आहे. फोटो नाहीत तर निदान नावं द्या, असं ठरलं होतं. काळ्या पानाच्या तळाशी बावीस नावं, ७ पॉइंट, म्हणजे अगदी बारीक अक्षरात, पांढरी. काळा गडद यावा म्हणून छपाईच्या चारही शाया (निळी, लाल, पिवळी, काळी) शंभर-शंभर टक्के दिल्या. बेरीज ४००. गुळगुळीत आर्ट पेपरला ३०० च्या आसपास थांबायचं असतं, कारण तो शाई पीत नाही. ओल्या कागदांची थप्पी लागली आणि एकाचा काळा दुसऱ्याच्या पाठीला लागला. त्यात चार शायांच्या चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. केसभर सरकलं तरी बारीक पांढऱ्या अक्षरात निळी-लाल शाई घुसते. आधी अनुस्वार बुजले, मग मात्रा. पंढरीचा पढरी झाला, नंदाची नदा. ज्यांना फोटो नाकारला, त्यांचीच नावं गेली. छापखान्याची चूक नव्हती, फाइलच तशी गेली होती. नावांमागची पट्टी नुसत्या काळ्या शाईची ठेवली असती आणि अक्षर १० पॉइंट जाड घेतलं असतं, तर निभावलं असतं. बाकी पानाला काळा १०० टक्के आणि निळा ४० टक्के पुरे होता.

त्यावर तुम्ही म्हणालात, याच्यापेक्षा फोटोवाला अंक बरा होता. विक्रीचं म्हणाल तर होताच. ज्याचा फोटो त्यानं पाच-पाच प्रती नेल्या. पण अनोळखी माणसानं तो स्टॉलवरून उचलला का? मला वाटतं, नाही. तुम्हाला वाटतं, त्याची गरजच काय. यालाही माझ्याकडे धड उत्तर नाही.

यंदा नावं मागच्या पानावर, पांढऱ्यावर काळी, १२ पॉइंट. फोटोंचं ठरायचंय. तरी पाठवायचेच असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवलेला फोटो १६०० पिक्सेलच्या आसपास येतो, छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो सव्वापाच इंचच भरतो. पान पावणेबारा इंच उंच आहे.