ओव्हल ते मरीन लाइन्स: विद्यापीठाच्या मैदानांची पायी सफर

चर्चगेटला पूर्वेकडून बाहेर पडलं की पाच मिनिटांत ओव्हल येतं. जानेवारीतल्या शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही फाटकातून आत शिरलो, तेव्हा गवतावर दव होतं आणि खेळपट्ट्यांवर झाडू फिरत होते. मुंबई विद्यापीठाच्या खेळांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी, कारण मैदानाच्या पूर्व कडेला राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह उभं आहे. विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची, टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. एवढी देखणी वास्तू बांधणाऱ्या विद्यापीठाला स्वतःचं क्रीडांगण मात्र सुरुवातीला नव्हतं. त्याचं कारण सरळ आहे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेली ही संस्था तेव्हा फक्त महाविद्यालयांना संलग्नता द्यायची आणि परीक्षा घ्यायची. शिकवणं महाविद्यालयांत, आणि खेळणं समोरच्या मोकळ्या जागेत.

ही मोकळी जागाही खेळासाठी राखलेली नव्हती. किल्ल्यावरून तोफा डागायच्या तर समोर आडोसा नको, म्हणून फोर्टभोवतीचा एस्प्लनेड रिकामा ठेवलेला होता. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तटबंदी पाडली गेली. पुढे रस्ते निघाले आणि त्या एका पटांगणाचे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज असे तुकडे झाले. नकाशावर ते वेगळे दिसतात, पण चालत गेलं की एकाच अंगणाचे भाग आहेत हे पायांना कळतं. ओव्हलच्या उत्तर टोकाला वीर नरिमन रस्ता ओलांडला की क्रॉस मैदान, तिथून फॅशन स्ट्रीट ओलांडली की आझाद मैदान. रमतगमत गेलं तरी पंचवीस मिनिटं पुरतात.

आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला १८७५ चा बॉम्बे जिमखाना आहे. भारतातला पहिला कसोटी सामना इथेच झाला, डिसेंबर १९३३ मध्ये, आणि लाला अमरनाथांनी त्यात ११८ धावा केल्या. पण या मैदानाची आम्हाला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट त्याच्या पन्नास वर्षं आधीची आहे. १८८० च्या सुमारास युरोपियन मंडळी एस्प्लनेडवर पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी पारशी आणि हिंदू पोरांच्या खेळपट्ट्या उखडत. पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, चिकाटीनं पुन्हा पुन्हा केले. मुंबईतल्या खेळाच्या जागेची ही पहिली मोठी लढाई, आणि ती लढले ते खेळणारे लोक. मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने याच मागणीतून आले.

आज आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा मिडऑफ दुसऱ्या सामन्याच्या थर्डमॅनला पाठ लावून उभा असतो आणि तरीही कोणाचा चेंडू कुठला याचा घोळ होत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली ती इथेच. सेंट झेवियर्स महाविद्यालय मैदानाच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन काळा घोड्याला. दोन्हींच्या पोरांना पॅड बांधून चालत येता येईल इतकं हे जवळ आहे.

इथे सकाळी लवकर यावं ते माळ्यांचं काम बघायला. खेळपट्टी २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद. ती बनते ती रोलरखाली, आणि रोलर कधी फिरवायचा हे कळण्यातच सगळी विद्या आहे. संध्याकाळी पाणी सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी अंगठा दाबून बघायचं. ठसा उमटला पण माती अंगठ्याला चिकटली नाही, तर रोलर आणायचा. आधी हलका, लांबीच्या दिशेनं. माती बसायला लागली की जड. ओल जास्त असताना घाई केली तर वरचा पापुद्रा रोलरला चिकटून उचलला जातो. वरून सुकली आणि आत ओली राहिली तर वर नुसतं कवच बनतं आणि दुपारनंतर चेंडू पडला की ते फुटतं. एक चेंडू घोट्याला, पुढचा छातीला, असं होतं ते यामुळे. उलट पार सुकल्यावर रोलर फिरवला तर माती दाबलीच जात नाही, फक्त वर चकाकी येते. पावसाळ्यात हे सगळं गणितच मोडतं. कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवली गेली आणि मुंबईचे फलंदाज ओल्या, उघड्या खेळपट्टीवर तयार झाले.

आझाद मैदानातून मेट्रो सिनेमाकडे निघून मरीन लाइन्सचा पूल ओलांडला की समुद्राचा वारा लागतो. पश्चिमेला उतरून मरीन ड्राइव्हवर आलो आणि उत्तरेकडे वळलो. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे एकापाठोपाठ एक जिमखाने. पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीतले, १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धातले. कॅथलिक जिमखाना १९१२ चा. मध्येच विल्सन महाविद्यालयाचा जिमखाना. ही सगळी जमीन भरणी घालून मिळवलेली. मरीन ड्राइव्ह झालं ते नंतर. त्याआधी इथे केनेडी सी फेस होता.

नावांवरून दिसतंच की संघ धर्मानुसार होते. युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने १८९० च्या दशकात प्रेसिडेन्सी सामने म्हणून नावारूपाला आले, १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम, १९३७ मध्ये ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या सगळ्यांचा पाचवा संघ. खेळ उत्तम होता. १९२३ मध्ये हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली ती पळवणकर विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली. थोरला भाऊ बाळू गुणांनी श्रेष्ठ गोलंदाज असूनही जातीमुळे कर्णधारपदापासून दूर ठेवला गेला होता, हे लक्षात घेतलं की त्या वर्षाचं वजन कळतं. पण पाया धर्माचाच होता. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या सामन्यांना उघड विरोध केला, आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंद झाली.

विद्यापीठाच्या खेळाचं ऐतिहासिक काम इथे सुरू होतं असं आमचं ठाम मत आहे. १९३५-३६ मध्ये आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. मुंबईच्या बारिया कुटुंबानं तो आपल्या गेलेल्या मुलाच्या नावानं दिला. त्या स्पर्धेत तुमचा संघ ठरायचा तो तुम्ही कुठे शिकता यावरून. वर्गात एका बाकावर बसणारे पारशी, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती विद्यार्थी मैदानातही एका संघात आले, आणि तेही पंचरंगी सामने गर्दी खेचत होते त्याच वर्षांत. दिलीप सरदेसाई गोव्याहून मुंबईला आले आणि १९५९-६० च्या याच स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीनं ४३५ धावा केल्या. पुढच्याच मोसमात पुण्याला पाकिस्तानविरुद्ध भारतीय विद्यापीठ संघाकडून खेळून ते प्रथम श्रेणीत उतरले. अजित वाडेकर आणि सुनील गावसकरही मुंबई विद्यापीठाकडून खेळूनच वर गेले.

चालत चालत चर्नी रोडला आलो. तारापोरवाला मत्स्यालयाशेजारी कैवल्यधामची इमारत आहे. बहुतेक लोक इथे योगासनांच्या वर्गाला येतात. शारीरिक शिक्षणाच्या वाटेवरही ती एक महत्त्वाची खूण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी आसनं आणि क्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यात दाब उणे होतो, हे त्यांनी दाबमापकानं मोजून दाखवलं. १९३७ मध्ये मुंबई सरकारनं शारीरिक शिक्षण समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच. त्यातून १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. तोवर शाळांत कवायत घ्यायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार असायचा. शरीररचना, खेळांचे नियम, देशी व्यायाम आणि शिकवण्याची पद्धत हे सगळं शिकून आलेला शिक्षक ही कल्पनाच नवी होती. आज बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी, दोन वर्षांचं आहे; २०१४ च्या नियमांआधी ते एका वर्षात उरकायचं. एका वर्षात सराव-पाठ, मैदान आखणी आणि पंचगिरी नीट बसत नसे, म्हणून हा बदल आम्हाला योग्य वाटतो.

चर्नी रोडहून चर्चगेटची स्लो पकडून एक स्टेशन मागे, पुन्हा मरीन लाइन्सला आलो. पश्चिमेला विद्यापीठाचं क्रीडा पॅव्हेलियन. मरीन लाइन्स सोडून गाडी चर्चगेटकडे निघाली की उजव्या खिडकीतून दिसतं ते हेच मैदान, वानखेडेच्या अलीकडचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवायच्या, त्यातून विद्यापीठाचे संघ निवडायचे, देशातल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या (एआययू) पश्चिम विभागीय स्पर्धांना आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवाला ते पाठवायचे, हे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं वर्षभराचं काम.

इथे उभं राहून ४०० मीटरचा ट्रॅक समजून घ्यावा. दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या, दोन अर्धवर्तुळं ३६.५० मीटर त्रिज्येची, लेन १.२२ मीटरची. आठ लेन धरल्या तर सुमारे १७७ मीटर लांब आणि ९२.५ मीटर रुंद जागा लागते, आणि धाव संपल्यावर थांबायला पुढे १७ मीटर वेगळे. दक्षिण मुंबईत एवढी जागा म्हणजे काय, हे सांगायला नको.

मातीच्या मैदानावर महाविद्यालयं ट्रॅक आखतात तेव्हा एक चूक हमखास होते. ३६.५० ही त्रिज्या आतल्या कडेला ५ सेंटिमीटर उंच कठडा असेल तेव्हाची. तिथे अंतर कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. नुसती फक्कीची रेघ असेल तर धावपटू रेघेच्या जवळून पळतो, म्हणून मोजणी २० सेंटिमीटरवर. मग त्रिज्या ३६.६० घ्यायला हवी. ती न घेता ३६.५० वरच फक्की मारली तर फेरी ३९९.३७ मीटरची होते, आणि १५०० मीटरच्या धावेत सव्वादोन मीटरहून जास्त अंतर कमी भरतं. दुसरी चूक कापडी किंवा फायबरच्या टेपची. ताण दिला की ती लांबते. त्रिज्येत ५ सेंटिमीटरचा फरक पडला की फेरीत ३१ सेंटिमीटरचा पडतो. पोलादी टेप वापरावी, दोन्ही केंद्रांवर लोखंडी खुंट्या पक्क्या ठोकाव्यात आणि दर दोन-तीन मीटरवर खूण करून मगच रेघ ओढावी. ४०० मीटरसाठी दुसऱ्या लेनची सुरुवात ७.०४ मीटर पुढे, त्यानंतर प्रत्येक लेनला आणखी ७.६६५. आठवी लेन ५३.०३ वर आली नाही तर पुन्हा मोजायचं.

गोळा आणि थाळी यांच्या क्षेत्राचा कोन ३४.९२ अंशांचा. कोनमापकाची गरज नाही. वर्तुळाच्या केंद्रापासून २० मीटरवर दोन खुणा अशा करायच्या की त्यांच्यात बरोबर १२ मीटर राहतील. कोन आपोआप मिळतो.

सिंथेटिक ट्रॅकची दुखणी वेगळी. वरचा थर जेमतेम १३ मिलिमीटर, त्याखाली डांबर, त्याखाली खडी. या किनाऱ्याला वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि भरणीची जमीन, म्हणजे खालचं पाणी भरतीबरोबर वर चढतं. समुद्राला मोठी भरती आणि वर मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारं उलटी तुंबतात. डांबरात अडकलेली ओल उन्हात वाफ होऊन वर ढकलते आणि फुगे येतात. फुगा फुटला की खाली पाणी शिरतं, थर सुटतो, आणि एका पावसाळ्यात हातभर भोकाचं चटईभर होतं. म्हणून फुगा दिसताच कापून, वाळवून, चिकटवून घ्यावा; पुढच्या अंदाजपत्रकाची वाट बघू नये. सपाटी तपासायला ४ मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवायची, खाली ६ मिलिमीटरहून जास्त फट नको. आणि पहिली लेन रोजच्या जॉगिंगला बंद ठेवावी. सगळ्यात आधी झिजते ती तीच, आणि स्पर्धेत मोजली जाते तीही तीच.

हे मैदान बघायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत, ॲथलेटिक्स स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी जा. प्रेक्षक नसतात. रिले बदलाच्या ३० मीटरच्या पट्ट्या, हर्डल्सच्या खुणा आणि भालाफेकीचा चाप आखून घेण्याची लगबग असते, आणि काळोख पडल्यावरही कोणीतरी टेपचं दुसरं टोक धरून उभं असतं.