आईला घेऊन हेझबराला गेले होते, तो अनुभव

सप्टेंबरात आई माझ्याकडे लंडनला आली होती, तिला समुद्र बघायचा होता पण गर्दी नको होती, म्हणून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोकमधलं हेझबरा हे गाव ठरवलं. स्पेलिंग बघून कोणीही हॅपिसबर्ग वाचेल, मी पण बसवाल्याला तेच सांगितलं आणि त्याला कळेचना, शेवटी मोबाइलवर नाव दाखवलं. जाणार असाल तर हेझबराच म्हणा. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ट्रेनने नॉरिच साधारण दोन तास, तिथून छोट्या ट्रेनने नॉर्थ वॉल्शम आणि मग बस. बस कमी आहेत, आमची नुकतीच निघून गेलेली आणि आईचे गुडघे दुखत होते, त्यामुळे टायमिंग नीट बघून निघा.

गाव एवढंसं, चर्च, पब, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. आणि हे गाव समुद्र खातोय हो. बीच रोड चालता चालता एकदम संपतो, डांबराची कड तुटलेली आणि पुढे काहीच नाही, तिथली घरं पाडावी लागली. खाली उतरलो तर आईने कड्याला हात लावला आणि मूठभर माती हातात आली. आई गुहागरची, म्हणाली, "अगं, हा आपला जांभा नव्हे, नुसती वाळू न् चिकणमाती, ही कुठे टिकायची?" तसंच आहे, लाटा पायथा पोखरतात, पाऊस आत मुरतो आणि कडा ढासळतो. म्हणून कड्याखाली बसू नका आणि भरती-ओहोटी बघूनच उतरा.

याच समुद्राने मे २०१३ मध्ये वाळू धुऊन माणसांच्या पावलांचे ठसे उघडे केले, ८ लाख वर्षांहून जुने, आफ्रिकेबाहेर तोवर सापडलेले सगळ्यात जुने, त्यात लहान मुलांचेही. दोनेक आठवड्यांत लाटांनी ते नेले पण, फोटो न् मापं तेवढी राहिली. "केवढी असतील गं ती पोरं?" आई सारखी विचारत होती.

दीपगृह १७९० चं. १९८७ ला ते बंद करायचं ठरलं तेव्हा गावकरी हटून बसले, १९९० ला पार्लमेंटने कायदा केला आणि तो दिवा गावच्या ट्रस्टकडे आला. ज्यांची स्वतःची जमीन जातेय त्यांनी बोटींसाठी दिवा राखला, मला फार मोठी गोष्ट वाटते ही.

रात्री राहिलो. तीन झोत, मग काळोख, ३० सेकंदांनी परत तीन. आईने जपमाळ उशाशी ठेवली आणि खिडकीत बसून झोत मोजत राहिली.