एमडीएम पुश सर्टिफिकेटचं नूतनीकरण: टॉपिक सांभाळा, बाकी सोपं आहे

सद्यस्थिती: घरच्या नॅनोएमडीएम सर्व्हरवर नवं पुश सर्टिफिकेट चढलं आहे, टॉपिक जुनाच आहे आणि एकाही उपकरणाची नोंदणी नव्याने करावी लागलेली नाही. एमडीएम म्हणजे ॲपलचे फोन, मॅक अशी उपकरणं दुरून सांभाळणारी व्यवस्था आणि नॅनोएमडीएम हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर. उपकरणांना जागं करणारा निरोप ॲपलमार्फत पाठवायला पुश सर्टिफिकेट लागतं, आणि टॉपिक ही त्या सर्टिफिकेटची ओळख. ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांच्यासाठी क्रम आणि खाचाखोचा इथे मांडत आहोत.

आधी नक्की कोणतं सर्टिफिकेट संपतंय ते बघा. अशा सर्व्हरवर निदान तीन तरी असतात: वेब जोडणी सुरक्षित करणारं टीएलएस, उपकरणांना एससीईपी या सर्टिफिकेट वाटपाच्या पद्धतीतून मिळणारं ओळखीचं, आणि ॲपलच्या पुश सेवेसाठीचं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं टीएलएस सर्टिफिकेट आपोआप नवं होतं म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. पुशचं सर्टिफिकेट वर्षाचं असतं आणि ते दरवर्षी हाताने, ॲपलच्या पुश सर्टिफिकेट पोर्टलवर जाऊनच घ्यावं लागतं. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला एक्स ५०९ उपआज्ञेत नोआउट, डेट्स आणि सब्जेक्ट हे पर्याय दिले की मुदत आणि सब्जेक्ट (सर्टिफिकेट कोणाचं ती माहिती) दोन्ही समोर येतात. त्यातलं यूआयडी हे कलम कॉपी करून ठेवा. ‘कॉम डॉट ॲपल डॉट एमजीएमटी डॉट एक्स्टर्नल’ आणि पुढे लांबलचक यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक), असा तो मजकूर असतो. हाच टॉपिक.

सगळी मेख या टॉपिकमध्ये आहे. नोंदणीच्या प्रोफाइलमध्ये (उपकरणावर बसणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) तो कोरलेला असतो आणि नंतर नवं प्रोफाइल पाठवून बदलता येत नाही. पोर्टलवर ‘रिन्यू’ऐवजी ‘क्रिएट’ दाबलं की सर्टिफिकेट मिळतं, तारीख छान पुढच्या वर्षाची असते, पण टॉपिक वेगळा. मग प्रत्येक फोन आणि मॅक हातात घेऊन पुन्हा नोंदवणे आलं. वेगळ्या ॲपल खात्याने लॉगिन केलं तर जुनी नोंद यादीत दिसतच नाही, आणि माणूस घाईत ‘क्रिएट’च दाबतो. दिसत नसेल तर थांबा, आधी खातं शोधा. खातंच हातचं गेलं असेल तर ॲपलच्या मदतकेंद्राशी बोलून सर्टिफिकेट दुसऱ्या खात्यावर हलवून घेता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

आता सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेट मागणारी विनंतीची फाइल. पोर्टलला साधा सीएसआर चालत नाही, त्यावर एमडीएम विक्रेत्याची सही लागते. हौशी मंडळींसाठी एमडीएमसर्ट डॉट डाउनलोड ही सेवा ते करते, आणि मायक्रोएमडीएम या दुसऱ्या एमडीएम सर्व्हरच्या एमडीएमसीटीएल या साधनामध्ये तिच्यासाठी उपआज्ञा आहे. नवी, रिकामी फोल्डर घ्या. जुन्या फोल्डरमध्ये चालवून जुनी ‘की’ (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) पुसली गेली तर परतीचा रस्ता बंद. ‘न्यू’ पर्याय आणि सेवेत नोंदवलेला ईमेल पत्ता दिला की सीएसआर, पुश की आणि एन्क्रिप्शनसाठीची वेगळी जोडी तयार होते. सही केलेली विनंती ईमेलने, पण एन्क्रिप्ट होऊन येते. ती त्याच फोल्डरमध्ये ‘डिक्रिप्ट’ पर्यायाने उघडायची, कारण कुलूप त्याच जोडीचं आहे. दरम्यान ‘न्यू’ पुन्हा चालवलेलं असेल तर आधीची फाइल उघडत नाही.

पोर्टलवर एकाहून जास्त नोंदी असतील तर तारखेवरून अंदाज बांधू नका. नोंदीशेजारचं माहितीचं चिन्ह दाबा, सब्जेक्टमधला यूआयडी जपून ठेवलेल्या टॉपिकशी ताडून पाहा आणि मगच ‘रिन्यू’. तिथे टिपणासाठी चौकट असते. त्यात सर्व्हरचं नाव लिहून ठेवा, पुढच्या वर्षी दुवा द्याल.

मिळालेली पीईएम फाइल (सर्टिफिकेटची मजकूररूपी फाइल) सर्व्हरवर चढवण्याआधी दोन तपासण्या:
यूआयडी जुन्याशी अक्षर न् अक्षर जुळतो का.
सर्टिफिकेटमधली पब्लिक की आणि प्रायव्हेट कीतून काढलेली पब्लिक की एकच आहे का. दोन्हींचा शा-२५६ (फाइलचा ठसा) काढून बघितलं की पुरे.

दुसरी तपासणी चुकते ती बहुधा नव्या सर्टिफिकेटला गेल्या वर्षीची की जोडल्यामुळे. नूतनीकरणात जुनी की वापरायला हरकत नसते, पण सीएसआर ज्या कीचा, सर्टिफिकेट तिचंच.

नॅनोएमडीएमला सर्टिफिकेट आणि की एकापाठोपाठ एकाच मजकुरात, एचटीटीपीच्या पुट विनंतीने, ‘व्ही१ / पुशसर्ट’ या एपीआय पत्त्यावर द्यायची. की सांकेतिक शब्दाशिवायची हवी. उत्तरात टॉपिक येतो, तो वाचा. मॅकच्या कीचेनमधून पी१२ (सर्टिफिकेट आणि की एकत्र असलेली फाइल) काढून आणणाऱ्यांसाठी एक सूचना: ओपनएसएसएल ३ जुन्या पद्धतीचं आरसी२ एन्क्रिप्शन आपणहून उघडत नाही. पासवर्ड बरोबर असूनही फाइल वाचता येत नसेल तर ‘लेगसी’ पर्याय जोडा.

मग एका उपकरणाला पुश पाठवून बघायचं. पुश आयडी परत आला म्हणजे ॲपलने निरोप स्वीकारला, एवढंच. उपकरणाने खरोखर जोडणी केली का, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘आयडल’ (उपकरण हजर आणि मोकळं) ही स्थिती आली का त्यावरून ठरवा. मुदत संपलेली असताना पाठवलेल्या आज्ञा वाया जात नाहीत. त्या रांगेत पडून राहतात आणि पुढच्या जोडणीत उचलल्या जातात. म्हणूनच हा बिघाड पटकन लक्षात येत नाही: सर्व्हर चालू, वेब पान उघडतं, फक्त उपकरणं गप्प.

लॉगमधल्या दोन त्रुटी दिसायला सारख्या, पण कारणं वेगळी. ‘रिमोट एरर’ आणि पुढे ‘एक्स्पायर्ड सर्टिफिकेट’ असेल तर पलीकडच्याने आपलं सर्टिफिकेट नाकारलंय. ‘अननोन ॲथॉरिटी’ असेल तर आपलाच सर्व्हर ॲपलच्या सर्टिफिकेटला ओळखत नाही. २४ फेब्रुवारी २०२५ पासून पुश सेवेचा मुख्य सर्व्हर यूझरट्रस्ट आरएसए या मूळ सर्टिफिकेटवर गेला, त्यामुळे सर्व्हर जुनाट कंटेनरमध्ये चालत असेल तर त्यातली मूळ (रूट) सर्टिफिकेटांची यादी ताजी करणे हा त्यावरचा उपाय. पुश सर्टिफिकेट कितीही बदललं तरी इथे फरक पडणार नाही. ना ही ना ती, नुसताच टाइमआउट येत असेल तर फायरवॉल बघा. बाहेर जाणारा ४४३ किंवा २१९७ यांपैकी एक पोर्ट मोकळा हवा.

पुढचं काम: रोज ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉनमध्ये ओपनएसएसएलचा ‘चेकएंड’ पर्याय २५९२००० सेकंदांवर लावणे. म्हणजे ३० दिवस आधी स्क्रिप्ट ओरडू लागेल. त्या इशाऱ्याच्या मजकुरातच ॲपल खात्याचा ईमेल आणि टॉपिक घालणार आहोत.