पेडल तळाला, इंजिन जागेवर

आज सकाळपासून बॅकहो, म्हणजे आपलं खोदायचं मशीन, सिन्नरकडच्या एका शेततळ्यावर अडकलं. अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला तरी इंजिन आपलं घुर्रर्र... उठेचना. बकेट मुरुमात घातली की दम टाकायचं.

मी म्हटलं, डिझेलचीच भानगड. फिल्टर बदलला, खालच्या वाटीतलं पाणी सोडलं, हँड प्रायमर मारून हवा काढली. एअर फिल्टर झटकला, त्यातून एक वाफा भरेल एवढी माती निघाली. फरक शून्य. शेतकरी बांधावर बसून घड्याळ बघतोय.

दुपारी मिस्त्रीचाचा आले. पान्याला हातही लावला नाही. "तू नुसतं पेडल दाब," म्हणाले आणि इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपाशी वाकले. पंपाचा लिव्हर स्टॉप स्क्रूपर्यंत पोचतच नव्हता, अर्ध्यात थांबायचा. चाचांनी तो बोटानं पुढं ढकलला, तसं इंजिन असं गरजलं की बांधावरचे बगळे उडाले!

पेडलपासून पंपाच्या लिव्हरपर्यंत जाणाऱ्या केबलचा क्लॅम्प ढिला. पेडल दाबलं की बाहेरचं कव्हरच सरकायचं, आतली तार जिथल्या तिथं. पाना, दोन मिनिटं, काम खलास.

नव्या फिल्टरची पावती अजून खिशातच आहे. मालकाला काय सांगायचं ते उद्या बघू.